कमळाबाईच्या नावाची कळलावी

कातळवाडी, २ जुलै १९८६

बकुळाताई, चंद्राचा जयभीम.

तुजं पत्र माज्या येशीच्या बापसानं शुक्कारच्या सुट्टीला आनलं. दोनदा वाचलं तवा कळलं. मी चौथी शिकलेली, हसू नको.

तू लिवलंस का तुमच्या कालिजातले सर अंबाडीच्या वरच्या डोंगरातल्या रानझाडांची सालभराची नोंद करतात. त्यांना दर महिन्याला इकडं यायला जमत न्हाय, तवा चंद्रानं झाडं उपटून, वाळवून पाठवावी. ताई, मी व्हय बोलते. येशी दवाखान्यात व्हती तवा तू आमाला पंधरा दिस तुज्या खोलीत ठेवलंस, ड्युटी करून आमचा डबा आनलास. सख्ख्या बहिनीनं केलं नसतं ते तू मावसबहीन असून केलंस. तुला न्हाय कसं बोलू?

पन माजं भ्याव आयक. येशी आता दीड वर्साची हाय. जे दिसंल ते तोंडात घालते. सासूच्या डोळ्याला दिसत न्हाय, तिच्याकडं पोर ठेवून जाता येत न्हाय. म्हंजे डोंगरावर ती माज्या कडेवरच असनार. मी झाड उपटायला वाकले आन् तेवढ्यात तिनं काय गिळलं तर? गवतात फुरशी असतात. येशीचा बापूस आठवडाभर तिकडं भिवंडीच्या शेलारला कापडाच्या लूमवर. वरडले तरी कोन येनार?

किती झाडं पायजेत, कशी वाळवायची, ते नीट लिव.

तुजी चंद्रा

*

भिवंडी, ११ जुलै १९८६

प्रिय चंद्रा,

तू लहानपणापासून घाबरट ती घाबरटच. आपण दोघी मामाच्या वाडीत शेवळाची रानभाजी काढायला जायचो तेव्हा पण तू माझा परकर धरून चालायचीस. बिनधास्त जा. पोरीला खाऊ दे हातात, म्हणजे तोंड बिझी राहील.

आता नीट वाच. झाड लहान असलं तर मुळासकट उपटायचं. मोठं असलं तर फुलासकट फांदी. जुन्या पेपरात घालून वर वजन ठेवायचं, पेपर रोज बदलायचे. प्रत्येक झाडाला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर चार गोष्टी लिही: तुमच्याकडं त्याला काय म्हणतात, कुठं सापडलं, कशाला वापरतात आणि ही माहिती कुणी सांगितली त्याचं नाव. नाव विसरू नको. सर बोलतात, ज्याची माहिती त्याचं नाव, नाहीतर ती चोरी झाली.

महिन्याला वीस तरी पाठव. तुझ्या दामूच्या हाती दिलंस की तो शनिवारी शिफ्टला जाताना माझ्या खोलीवर टाकेल. मी लॅबमध्येच असते, सरांच्या हातात मीच देईन.

तुझी बकुळाताई

*

कातळवाडी, २४ ऑगस्ट १९८६

बकुळाताई, जयभीम.

हे दुसरं गाठोडं. एकवीस झाडं हायेत. दोनांना बुरशी धरली, ती फेकली. पेपर गादीखाली घालते आन् वर पाटा ठेवते. सासू बोलते, “पाट्याखाली काय पुरलंस गं? मी वाटन काय कपाळावर वाटू?”

येशीला पदराच्या चिंधीनं करवंदीला बांधते आन् मंग वाकते. परवा मागं बघतलं तर तिच्या तोंडात हिरवं. बोट घालून सगळं काढलं. आंबुशी व्हती, आपन खातो ती. तरी तिचं तोंड पदरानं परत परत पुसलं. मंग तितंच बसले. पोरगी हसते आन् मी रडते.

नावं विचारायला शेजारच्या हौसाकडं, आक्काकडं जाते, पन जास्त कमळाबाईकडं. आपल्या वस्तीची सुईन, येशी तिच्याच हातावर झाली. तिला सगळं ठावं. मी चिठ्ठी लिवते म्हनल्यावर जवळ येऊन बसली. “काय लिवतेस?”

“तुजं नाव, आजे.”

“मोठ्या अक्षरात लिव. भिवंडीच्या सायबाला कळू दे कमळाबाई कोन हाय ती.”

या गाठोड्यात एक कळलावी हाय, ती जपून धर. झुडपावर चढते, पानाच्या टोकाला आकडी, फूल जाळासारखं. तिचा कांदा पन उपटलाय, दोन बोटांसारखा हाय. कमळाबाई बोलली, बाई अडली का हा कांदा उगाळून तळपायाला लावायचा, आन् पोर बाहेर आलं का लगेच पुसून काढायचा. पोटात गेला तर मानूस ऱ्हात न्हाय. मी हात तीनदा धुतले. येशीला त्या दिशी अंगावर पाजायला पन भ्याले.

फूल घरात आनलं तर घरात भांडनं लागतात, असं बोलतात. म्हनून कळलावी मी ओट्याखाली वाळवली.

चंद्रा

*

भिवंडी, ९ ऑक्टोबर १९८६

प्रिय चंद्रा,

सर तुझ्यावर खूश आहेत. कळलावी बघून बोलले, “कांद्यासकट इतकी चांगली कुणी आणली नव्हती.” आतापर्यंत अठ्ठावन्न झाली. तेरडा तीन रंगांचा पाठवलास, तो पण छान. पुढच्या खेपेला गवतं पण पाठव.

लॅबमध्ये मला बसायला खुर्ची मिळाली. सर बोलतात, हे काम पूर्ण झालं की माझ्या नोकरीचं बघतील. पाच वर्षं मी टेंपररी आहे, तुला ठाऊक आहे. म्हणून मधेच सोडू नको, माझी आई.

येशीला पापा.

बकुळाताई

*

कातळवाडी, १४ डिसेंबर १९८६

बकुळाताई, जयभीम.

झाडं कमी झाली. गवत पिवळं पडलं, वरच्या कातळावर काय न्हाय. तरी अकरा पाठवते.

तुला एक सांगायचंय. तू मागल्या महिन्यात कार्ड पाठवलंस, तसं नको पाठवू. आमचा रघू पोस्टमन कार्ड हातात देत न्हाय. विहिरीवर उभा ऱ्हातो आन् सगळ्यांपुढं मोठ्यानं वाचतो. वाचता येनारी मानसं कमी, तवा लोकांना पन गंमत वाटते. कुनाची सून रुसली, कुना घरी पाव्हना आला, सगळं रघूच्या तोंडून कळतं. बंद पत्र पाठव, न्हायतर येशीच्या बापसाकडं दे.

आन् लोक बघतात. मी डोंगरावरून फडक्यात काय आनते, पाट्याखाली काय ठेवते. कमळाबाईची सून, दौलतची बायको द्रौपदी विहिरीवर बोलली, “चंद्रे, तू मुळ्या काढून काय करतेस गं? भगताकडं शिकतेस का?” सगळ्या हसल्या. मी पन हसले. पन येताना माजा हंडा हिंदकळत व्हता.

चंद्रा

*

पोस्टकार्ड
भिवंडी, १९ जानेवारी १९८७

प्रिय चंद्रा, घाईत लिहिते. कमळाबाईच्या नावाची कळलावी सरांनी कपाटात ठेवली, मस्त वाळली आहे. आता हौसाच्या आणि आक्काच्या नावाचं पण मुळासकट पाठव. ह्या महिन्यात कमीत कमी दहा नावं पाहिजेत. उशीर नको. बकुळा

*

कातळवाडी, १ फेब्रुवारी १९८७

ताई,

हे काय केलंस तू?

तुला ठावं न्हाय म्हनून लिवते. मकर संक्रांतीच्या दुसऱ्या दिशी कमळाबाईच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय गेला, वाचा गेली. दौलत तिचा एकुलता, त्यानं तिला अंबाडीच्या डाक्टरकडं बैलगाडीतनं नेली. डाक्टर बोलला, घरी न्या, वाट बघा.

आन् वर तुजं कार्ड आलं. रघूनं विहिरीवर वाचलं. मी तितंच व्हते, घागर दोरीला व्हती. तो वाचत गेला: “कमळाबाईच्या नावाची कळलावी... मस्त वाळली...” पुढं पुढं त्याचाच आवाज बारीक झाला. “हौसाच्या आन् आक्काच्या नावाचं मुळासकट पाठव.” हौसा माज्या बाजूला उभी व्हती. ती दोन पावलं सरकली, बस. तेवढंच. पन मला कळलं.

मी बोलले, “आवं, कालिजातलं काम हाय, सर नोंद करतात, तिनंच मला नाव लिव सांगतलं.” द्रौपदी बोलली, “कोनी सांगतलं?”

“कमळाबाईनं.”

“तिची वाचा गेली ती बरी येळेवर गेली गं.”

ताई, कळलावी. ईख. तिचा कांदा, मुळासकट, आन् त्याला दोऱ्यानं तिचं नाव बांधलेलं. त्यांनी दुसरा काय इचार करायचा सांग. मी त्यांच्या जागी असते तर मी पन सरकले असते.

दाराला कडी लावून बसते. येशी बाहेर जायला रडते.

चंद्रा

*

भिवंडी, ९ फेब्रुवारी १९८७

प्रिय चंद्रा,

कार्डाचं चुकलं. घाईत होते, विसरले. पण तू एवढं टेन्शन नको घेऊ. म्हाताऱ्या माणसाला लकवा मारतो, त्याला झाड काय करणार? आपण कोण, आपल्या घरात फोटो कुणाचा, हे विसरलीस का? भगत, करणी, हे आपण सोडून तीस वर्षं झाली. तुझी ती सगळी वस्ती पण जयभीमवालीच ना? त्यांना ठणकावून सांग. लपून बसलीस तर त्यांना वाटेल खरंच काहीतरी आहे.

आणि काम बंद नको करू. फेब्रुवारी-मार्चचे पळस, पांगारा, कुडा राहिले आहेत. सरांना वर्षाचे बाराही महिने पाहिजेत.

बकुळाताई

*

कातळवाडी, १ मार्च १९८७

ताई,

ठनकावून सांगतलं. काय झालं ते आयक.

मी कमळाबाईच्या घरी गेले. मला वाटलं, तिला दिसंल, ती हातानं दाखवंल, मानेनं तरी सांगंल का हिनं माजं नाव लिवलं ते माज्याच सांगन्यावरून. खाटेवर पडली व्हती. मी जवळ बसले, बोलले, “आजे, तूच सांगतलंस ना, मोठ्या अक्षरात लिव.”

तिनं मला बघतलं. ताई, तिचे डोळे मी बघितले. ती भ्याली. मला भ्याली. तोंडातनं कसातरी आवाज काढला आन् तोंड भिंतीकडं फिरवलं. माजी येशी जिच्या हातात पैली रडली, ती मला भ्याली.

दौलत उभाच व्हता. त्यानं मारलं न्हाय, शिवी न्हाय दिली. बोलला, “चंद्रा, आमी पन जयभीमवालेच हाय. पन आय माजी हाय.”

मंग ते सोमा भगताला वरच्या पाड्यावरून घेऊन आले. तू लिवलंस आपन भगताला मानत न्हाय. मी न्हाय मानत. पन मी मानत न्हाय म्हनून भगत थांबत न्हाय ना. तो बोलला, नाव बांधलेली कळलावी लांब गेलीया, ती परत आनायची. जिनं बांधलं तिनं आपल्या हातानं सोडायची, सगळ्यांपुढं, आन् मंग जाळायची. फागुनातल्या आमुशेपातुर. पाडव्याचा आदला दिस.

मी विचारलं, “आन् न्हाय आनली तर?”

भगतानं झोळी उचलली. द्रौपदी बोलली, “तुला पन पोर हाय ना.” तेवढंच बोलली आन् आत गेली.

तवापासून मी येशीला दुसऱ्या कुनाच्या हातचं पानी पन देत न्हाय. येशीचा बापूस बोलतो, शेलारला चल. शेलारला कुठं? तो लूमच्या खोलीत आठ जनांत झोपतो, पाळीपाळीनं.

ताई, ते झाड दे. मला दुसरं काय नको. एवढं एक झाड सरांकडनं मागून दे.

चंद्रा

*

भिवंडी, १२ मार्च १९८७

प्रिय चंद्रा,

कपाटाची चावी सरांकडं असते आणि सर पुण्याला गेले आहेत. आले की विचारते. पण झाड एकदा कागदावर चिकटवून नंबर पडला की ते कॉलेजचं होतं. असं कुणी परत देत नाही. मी मागितलं तर सर विचारतील कशाला. मी काय सांगू? भगताला पाहिजे म्हणून? माझं हसं होईल. आणि उद्याच माझ्या नोकरीची मीटिंग आहे.

तू थोडी कळ काढ. बाई बरी होईल, लोक विसरतील.

बकुळाताई

*

कातळवाडी, १९ मार्च १९८७

ताई,

आमुशेला दहा दिस.

कोनी तरी काल दारात लिंबू ठेवलं व्हतं. येशीनं उचललं. तिला वाटलं चेंडू हाय. मी तिच्या हातावर मारलं, लय जोरात मारलं, बोटं उठली. आयुष्यात पैल्यांदा तिच्यावर हात उचलला.

तुज्या मीटिंगचं चांगलं झालं असंल. झाड दे.

चंद्रा

*

भिवंडी, २६ मार्च १९८७

चंद्रा,

दामूच्या हाती पाठवते. वर पुठ्ठा आहे, आत झाड. घरी उघडू नको. त्यांच्यासमोरच उघड, नाहीतर म्हणतील तू बदललंस. कुणी काही विचारलं तर जास्त बोलू नको.

ह्यात मी काय जोखीम घेतली ते तुला कधी कळणार नाही. आता तरी शांत झोप.

ब.

*

कातळवाडी, ३१ मार्च १९८७

ताई,

झालं. सगळं झालं. पन मला एक विचारायचंय. आदी काय झालं ते सांगते.

रविवारी दुपारी दौलतच्या अंगनात वस्तीच्या आठी घरांतली मानसं बसली. रघू पोस्टमन पन आलता, कार्ड त्यानंच वाचलं म्हनून त्याला पन भ्याव वाटत व्हतं. कमळाबाईची खाट दारात आनली, उशीवर टेकवून बसवली. सासूनं येशीला मांडीवर घेतलं आन् घट्ट धरलं. आंधळी म्हातारी सगळ्यांकडं तोंड फिरवून बोलली, “माज्या सुनंला कोनी शिवायचं न्हाय. बघा, मी हितं बसलेय.” मला तिचा एवढा आधार कदी वाटला नवता.

भगतानं गोवऱ्या पेटवल्या. “सोड,” बोलला.

मी पुठ्ठ्याची दोरी सोडली. आत जाड पांढरा कागद, त्यावर कळलावी चिकटवलेली. फूल व्हतं, आकड्या व्हत्या. पन ताई, कांदा नवता. देठ खाली कातरीनं कापलेला. आन् चिठ्ठीवर “कमळाबाई” निळ्या शाईत, तुज्या अक्षरात. मी तर पेन्सलीनं लिवलं व्हतं.

दौलत पुढं वाकला. बोलला, “हीच का?”

आठी घरांची मानसं माज्या तोंडाकडं बघत व्हती. येशी सासूच्या मांडीवरून हात पुढं करून बोलली, “आय.”

मी बोलले, “हीच.”

दोरा सोडला, चिठ्ठी काढली, आदी चिठ्ठी जाळात टाकली, मंग झाड. वाळलेलं व्हतं, फर्रकन जळलं. भगतानं राख पान्यात कालवून उंबऱ्यावर टाकली. कमळाबाई त्या जाळाकडं बघत व्हती. मंग तिच्या एका डोळ्यातनं पानी आलं. दौलत बोलला, “चंद्रा, आईला पेज तू पाज.” मी वाटी घेतली. निम्मी पेज तिच्या लुगड्यावर सांडली. पन तिनं तोंड उघडलं. माज्या हातनं घेतली.

मंग सगळे एकदम बोलायला लागले. द्रौपदीनं येशीला गूळ दिला. रघू बोलला, “आजपासून कार्डं मी मनात वाचनार.” हौसा त्याला बोलली, “मनात वाचशील तर आमाला कसं कळंल रे, मेल्या?” लोक हसले.

मी पन हसले. घरी आले आन् आतून कडी लावली.

ताई, खरी कळलावी कुठं हाय? आन् तिची चिठ्ठी? खरं लिव. आता मला खोटं पचनार न्हाय.

चंद्रा

*

भिवंडी, १० एप्रिल १९८७

चंद्रा,

खरं लिहायला सांगितलंस म्हणून लिहिते.

मी पाठवलं ते झाड जुनं आहे. एका मुलीनं कधीतरी परीक्षेसाठी चिकटवलं होतं आणि नेलंच नाही, ते लॅबमध्ये पडून होतं. तुझं कपाटात आहे, त्याला हात लावायची माझी हिंमत झाली नाही.

आणि चिठ्ठ्या. कागदावर चिकटवताना त्यातली झाडाची नावं आणि उपयोग मी वहीत उतरवून घेतले आणि चिठ्ठ्या कापून टाकल्या. सगळ्या. सर बोलले होते नावं पाहिजेत, पण वहीत “माहिती देणार” अशा रकान्यात मी सगळीकडं माझं नाव घातलं. सरांना तुझं नावच ठाऊक नाही, त्यांना वाटतं, मीच सुट्टीत डोंगरावर जाते आणि लोकांना विचारते. त्यावरच मला परमनंट केलं. तेरा मार्चला झालं ते. तुला सांगायला तोंड नव्हतं.

कार्डात मी दहा नावं पाहिजेत म्हणून लिहिलं, ते पण तुला संशय येऊ नये म्हणून. मला खरं तर एक पण नाव नको होतं.

त्या चिठ्ठ्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या, शिपाई डबा रोज नेतो. रद्दीत गेल्या, जाळल्या की गटारात गेल्या, मला माहीत नाही. पण चंद्रा, त्यात घाबरण्यासारखं काय आहे? उलट बरं झालं. तुझ्या वस्तीतलं एक पण नाव आता कुठल्या झाडावर नाही. माझं एकटीचं आहे. मी नाही घाबरत.

मला माफ कर किंवा नको करू. येशीला पापा.

बकुळाताई

*

कातळवाडी, ३ मे १९८७

बकुळाताई, जयभीम.

तुजी नोकरी झाली, चांगलं झालं. नावाचं मला काय वाटलं न्हाय. तुजंच ऱ्हाऊ दे. माजं कुठं घालू नको.

कमळाबाई आता भिंतीला धरून बसते. “चं” एवढं बोलते. मला बघून डाव्या हातानं बोलावते. मी रोज सकाळी तिचे केस विंचरते. दौलतनं आमच्या दाराशी जांभळीचा पाला घालून मांडव करून दिला. विहिरीवर माज्यासाठी जागा सोडतात. द्रौपदीला दिस गेलेत. ती बोलते, चंद्रे, कमळाबाईला आता जमनार न्हाय, माज्या येळेला तूच ऱ्हा, तुला मुळ्या ठाव्या हायेत. बघ, जे तोंड मला खायला उठलं तेच आता बोलावतं.

वस्तीत सगळ्यांनी कागद जळताना बघितला. सगळे निजतात. मीच जागी असते.

तू बोलशील, खुळी हाय. पन तुला एक सांगतलं न्हाय, कुनाला सांगतलं न्हाय. येशीच्या बापसाला पन न्हाय.

भादव्यात मी कातळावर गेले व्हते तवा एक झाड सापडलं. इतकं बारीक, बोटाएवढं, वर निळं फूल. कमळाबाईला दाखवलं, तिला नाव ठावं नवतं. हौसाला नवतं, आक्काला नवतं. ते मी शोधलं पन नवतं. येशीनं शोधलं. करवंदीला बांधलेली असताना तिनंच हात घालून मुळासकट उपटलं आन् माज्याकडं धरलं. मला एवढं हसू आलं. तू सांगतलंस ना, ज्याची माहिती त्याचं नाव. मी चिठ्ठीवर लिवलं, “नाव ठाऊक नाही. कातळावर. उपयोग ठाऊक नाही. सांगणार: यशोधरा दामू.” तिचं पूर्न नाव मी पैल्यांदाच कागदावर लिवलं. लय येळ बघत बसले. मंग दोऱ्यानं बांधलं.

भगत आला, जाळ झाला, तवा पन मी गप ऱ्हायले. मला वाटलं, ती चिठ्ठी कपाटात हाय, कुलपात हाय, बकुळाताई हाय तिकडं. आता तू लिवलंस का डब्यात टाकली, कुठं गेली ठावं न्हाय.

येशी चांगली हाय. खाते, खेळते. ताप न्हाय, काय न्हाय. मी दर थोड्या येळानं तिच्या कपाळाला हात लावते. ती झोपली का छातीवर कान ठेवते. सासू विचारते, “काय आयकतेस गं?” मी बोलते, काय न्हाय.

एप्रिलच्या मोहाच्या आन् काकडाच्या फांद्या मी सोबत पाठवते. मे-जूनचं पन पाठवीन, तुजं साल पुरं व्हईल. चिठ्ठ्या बांधल्या न्हायत. सगळं एका वेगळ्या कागदावर लिवलंय, त्यात कुनाचंच नाव न्हाय.

ताई, मी मानत न्हाय. तुज्यासारखीच न्हाय मानत. पन त्या शिपायाला विचार. रद्दीवाल्याला विचार. पेन्सलीनं लिवलेलं हाय, अक्षर वाकडं हाय, दोरा पांढरा हाय. दुसऱ्या कुनाची नको. तेवढी एक शोध.

चंद्रा